रविवारची सुट्टी ज्यांनी मागितली ते नारायण मेघाजी लोखंडे



दरवर्षी १० जून आला की आपल्या गावच्या ग्रुपवर एक फोटो फिरतो. डोक्यावर पगडी, भारदस्त मिशा, आणि खाली लिहिलेलं असतं की यांच्यामुळे आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली. लोक हात जोडल्याची चित्रं टाकतात आणि पुढं जातात. मीही तेच करत होतो. मागच्या वर्षी माझ्या शेतात कांदा काढणीला आलेल्या एका मावशीनं विचारलं, "भाऊ, ह्यांनी सुट्टी आणली म्हणता, मग आमचा रविवार कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं, चार जाणत्यांना विचारलं. ते आज तुमच्यासमोर मांडतोय.

कन्हेरसरचं मूळ, ठाण्याचं बालपण

नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. यमाईच्या देवळामुळं आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी हे गाव पाहिलेलं आहे. घराणं माळी समाजातलं आणि परिस्थिती बेताची. पोटासाठी घर ठाण्याला गेलं आणि तिथंच १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढं हे दोघं एकाच कामाला जोडले जाणार होते.

नारायणराव शिकले, इंग्रजी लिहू-वाचू लागले. त्या काळी बहुजनाच्या पोराला इंग्रजी येणं म्हणजे घरादाराला आधार. त्यांना आधी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी मिळाली. नंतर १८७० च्या सुमारास ते मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. टेबल-खुर्चीची नोकरी आणि महिन्याला पगार. डोळे मिटून राहिले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं.

पण गिरणीच्या कोठारात बसणाऱ्याला सगळं दिसतं. पहाटे कोण येतंय, रात्री कोण जातंय, कुणाचा हात पट्ट्यात सापडला, कुणाचा खाडा लावला, कुणाचा पगार कापला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं.

गिरणी म्हणजे काय होतं

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या तीस वर्षांत मुंबईत गिरण्यांची रांग लागली. त्यात राबायला माणसं आली ती कोकणातून, साताऱ्यातून, पुण्यातून, नगरकडून. पाऊस दगा द्यायचा, सावकार दारात उभा राहायचा, मग घरातला एक भाऊ शेत धरायचा आणि दुसरा मुंबईची वाट. आज आपल्याकडची पोरं चाकण-रांजणगावला कंपनीत जातात, तसंच ते. फरक एवढाच की तेव्हा परत यायला एसटी नव्हती.

गिरणीला तेव्हा दिवे नव्हते. दिवस उगवला की यंत्र सुरू, मावळला की बंद. म्हणजे थंडीत दिवस लहान म्हणून काम थोडं कमी, आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. दुपारी भाकरी खायला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालूच असायचं, त्याच्या शेजारी उभं राहून दोन घास खायचे. कापसाचा बारीक तंतू भाकरीवर आणि छातीत.

आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला यावं लागे. पगाराचं तर विचारूच नका. एका महिन्याचा पगार पुढचा महिना सरत आला तरी हातात पडत नसे. तोवर खायचं काय? मग वाण्याकडं उधारी आणि सावकाराकडं व्याज. गिरणी सोडायची म्हटलं तर अडकलेला पगार बुडणार. त्या भीतीनं माणूस जागचा हलत नसे. मालकाला ते बरंच होतं.

कामावर घ्यायचं की काढायचं हे मुकादमाच्या हातात. त्याला खूश ठेवावं लागे. आपल्याकडच्या ऊसतोड मजुराला हे वेगळं समजावून सांगायला नको. उचल, मुकादम आणि फिटत नसलेला हिशोब ही साखळी जुनीच आहे.

नोकरी सोडली, पेपर धरला

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्यात सामील झाले. या समाजाच्या विचारानं कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात दीनबंधू नावाचं पत्र सुरू केलं होतं. शेतकरी, कामकरी, गोरगरीब यांचं दुखणं त्यात यायचं. पण पेपर चालवायला पैसा लागतो आणि ज्यांच्यासाठी पेपर होता त्यांना वाचता येत नव्हतं. दीनबंधू बंद पडायला आला.

१८८० मध्ये लोखंड्यांनी गिरणीतली नोकरी सोडली आणि दीनबंधूचं संपादकपद घेतलं. पेपर मुंबईतून निघू लागला. रामजी संतूजी आवटे यांच्यासारख्या सहकाऱ्यांची साथ होती. मी स्वतः चार ओळी लिहून पोर्टलला पाठवतो, पण पोटाला शेत आहे. त्यांनी बांधलेला पगार सोडून, चालत नसलेला पेपर खांद्यावर घेतला. आपल्या घरात कुणी असं केलं तर आपण काय म्हणू, याचा विचार करा.

दीनबंधूच्या कचेरीत गिरणीतले लोक येऊ लागले. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाला सल्ला दे, हे काम लोखंडे पैसे न घेता करत. त्यातून त्यांना गिरण्यांची खडान्‌खडा माहिती मिळत गेली.

पहिला कायदा आला, पण कुणासाठी?

१८८१ साली इंग्रज सरकारनं पहिला फॅक्टरी कायदा केला. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर ठेवायचं नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या पोरांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. हो, नीट वाचा. सात वर्षांच्या लेकराला नऊ तास, आणि ही सुधारणा होती. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायद्यात काहीच नव्हतं, बायकांबद्दलही नव्हतं. शिवाय शंभरापेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला हा कायदा लागू नव्हता.

इथं एक गुंता होता, तो समजून घेतला पाहिजे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्या डोळ्यांत खुपत होत्या. इथं मजूर स्वस्त, तास जास्त, म्हणून इथलं कापड स्वस्त. त्यामुळं हिंदुस्थानात कारखाना कायदा करा असा त्यांचा लकडा होता. त्यामागं मजुराची दया कमी आणि धंद्याची काळजी जास्त होती. आपल्याकडचे बरेच पुढारी आणि पेपर म्हणू लागले की हा कायदा म्हणजे देशी धंदा बुडवायचा डाव आहे.

लोखंड्यांनी वेगळी बाजू घेतली. विलायतेच्या मालकाच्या मनात काहीही असो, इथल्या गिरणीत माणूस चौदा तास उभा आहे हे खरं आहे की नाही? खरं असेल तर त्याला सुटका पाहिजे. धंदा देशी आहे म्हणून मजुरानं मरावं हे त्यांना मान्य नव्हतं. ही भूमिका सोपी नव्हती. देशाच्या विरोधात गेल्याचा शिक्का बसायची भीती होती.

सुपारीबागेतली सभा

१८८४ मध्ये मुंबई सरकारनं कायद्यात काय बदल हवा ते पाहायला आयोग नेमला. लोखंड्यांनी ओळखलं की आयोगापुढं मालक बोलणार, साहेब बोलणार, डॉक्टर बोलणार. ज्याच्यासाठी हे सगळं आहे तो गिरणीवाला तेवढा गप्प राहणार. त्यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ ला परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. तिथं एक अर्ज तयार झाला आणि साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या-अंगठे केले. याच वर्षी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

त्या अर्जातल्या मागण्या पाच होत्या.

१. सगळ्या कामगारांना रविवारी पूर्ण सुट्टी.

२. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी.

३. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्य मावळताना बंद.

४. महिन्याचा पगार उशिरात उशिरा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

५. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

बघा, मागण्या किती साध्या आहेत. आठ तास मागितले नाहीत. पगारवाढ मागितली नाही. केलेल्या कामाचा पगार वेळेवर द्या, एक दिवस उसंत द्या, भाकरी बसून खाऊ द्या, हात गेला तर वाऱ्यावर सोडू नका, एवढंच. तरी मालकांनी ऐकलं नाही. मजुरालाच जास्त काम हवं असतं, सुट्टी दिली तर तो दारू पिईल, असं त्यांचं म्हणणं. सरकारनंही अर्ज बाजूला ठेवला.

या संघटनेबद्दल एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. आजच्या युनियनसारखी तिची वर्गणी नव्हती, सभासदांची वही नव्हती, संप चालवायला फंड नव्हता. नंतरच्या अभ्यासकांनी या उणिवा दाखवल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पण त्या काळी संघटना करायला संरक्षण देणारा कायदाच नव्हता. उद्या कामावरून काढतील या भीतीत असलेली साडेपाच हजार माणसं कागदावर आपलं नाव घालतात, ही गोष्ट लहान नाही.

महालक्ष्मीचं मैदान आणि १० जून

सहा वर्षं गेली. मधल्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे येऊ लागले. दिवस मावळला तरी यंत्र थांबवायची गरज राहिली नाही, म्हणजे त्रास वाढलाच. लोखंडे अर्ज करत राहिले, पेपरात लिहित राहिले, सभा घेत राहिले.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन गिरणी कामगार बायका व्यासपीठावरून बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांसमोर, गिरणीत राबणाऱ्या दोन बाया. आजही आपल्या ग्रामसभेत बाई उठून बोलली की लोक वळून बघतात. त्या दोघी काय धीराच्या असतील.

सभेनं रविवारच्या सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघटनेकडं पाठवली. या वेळी मालकांना टाळता आलं नाही. १० जून १८९० ला त्यांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

ग्रुपवरच्या फोटोत लिहितात की देशाला रविवार त्यांनी दिला. ते थोडं दुरुस्त करून घ्यायला हवं. साहेबांच्या कचेऱ्या रविवारी आधीपासून बंद असायच्या. रविवार होताच, पण तो फक्त टेबलावरच्या माणसाचा होता. लोखंड्यांनी तो यंत्रावरच्या माणसापर्यंत आणला. माझ्या मते ही गोष्ट जास्त मोठी आहे. रविवार हा खंडोबाचाही वार, म्हणून तो आपल्या माणसाला जवळचा, असंही लोखंड्यांनी मांडल्याचं जुनी माणसं सांगतात.

त्याच वर्षी सरकारनं पुन्हा एक आयोग नेमला. मुंबईच्या कामगारांची बाजू मांडायला या वेळी लोखंड्यांना आयोगाबरोबर घेतलं. पुढं १८९१ चा कायदा झाला. आठवड्याला एक सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आली, बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. मुलांचं वय सातवरून नऊवर गेलं आणि त्यांचे तास सातवर आले. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही कायदा लागू झाला. पाचातल्या दोन मागण्या कायद्यात बसल्या.

फक्त गिरणीपुरते नव्हते

जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. सत्यशोधक समाजाचं मुंबईतलं काम लोखंड्यांनी चालू ठेवलं. त्याच काळात मुंबईतल्या न्हावी बांधवांना एकत्र करून, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवायला लावलं. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानंच तो खाली ठेवला की रूढी चालणार कशी? काम करणाऱ्यानं नाही म्हणायची ताकद त्यांनी बरोबर ओळखली होती.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरण्यांतले लोकही त्यात ओढले गेले. एकाच खात्यात शेजारी उभे राहणारे एकमेकांच्या जिवावर उठले. लोखंडे वस्त्यांमध्ये फिरले, राणीच्या बागेत सभा घेऊन दोन्हीकडच्या लोकांना शांत केलं. सरकारनं पुढं त्यांना रावबहादूर केलं, जे. पी. ही पदवीही दिली. पदवी मिळाल्यावर माणसं कामगारांच्या चाळीत जायचं बंद करतात. यांनी केलं नाही, हे त्यांच्या शेवटावरून दिसतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. चाळीच्या चाळी ओस पडल्या, माणसं गठुडी बांधून गावाकडं पळाली. कोरोनाच्या वेळी आपण रस्त्यानं चालत येणारी माणसं पाहिली, तसंच. सरकारी दवाखान्याची लोकांना भीती, म्हणून आजारी माणूस लपवून ठेवायचे. लोखंडे मुंबईतच राहिले. रोग्यांसाठी दवाखान्याची सोय करण्यात आणि त्यांच्या सेवेत ते लागले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय पन्नाशीच्या आतच होतं. त्यानंतर महिनाभरानं, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच पुण्यात सावित्रीबाई गेल्या. सत्यशोधकांची दोन मोठी माणसं एकाच साथीनं नेली.

राहिलेल्या तीन मागण्यांचं काय झालं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

कामाच्या तासांची मर्यादा मोठ्या पुरुषांना मिळाली ती १९११ च्या कायद्यात, तीही कापड गिरण्यांपुरती आणि दिवसाला बारा तास. १९२२ ला अकरा तास झाले, १९३४ ला दहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यांनी या कामाला जोर लावला आणि १९४६ ला आठवड्याचे तास ४८ वर आले.

कामावर जखमी झालेल्याला भरपाईचा कायदा आला १९२३ साली. पगार ठरल्या तारखेला देण्याचा कायदा आला १९३६ साली. म्हणजे लोखंड्यांनी १८८४ ला १५ तारीख मागितली आणि ती कायद्यात यायला ५२ वर्षं लागली. आली तेव्हा मात्र साधारण सात तारीख आली, मागितली होती त्यापेक्षा आधीची. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. यातलं काहीच बघायला ते नव्हते.

भारत सरकारनं २००५ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. मुंबईत परळला राज्य सरकारची कामगार विषय शिकवणारी संस्था आहे, तिला त्यांचं नाव आहे.

आता आपलं

माझा पुतण्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता. रोज बारा तास. जादा चार तासांचे पैसे साध्या दरानं, तेही कधी मिळायचे, कधी नाही. सोडून आला तेव्हा दीड महिन्याचा पगार अडकला तो अजून आलेला नाही. त्याच्याकडं कागद कुठलाच नव्हता. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, आणि वही ठेकेदाराच्या गाडीत.

म्हणून पोरांनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. कायद्यानं आठवड्याचे तास ४८ आहेत आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दरानं पैसे आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त देता येत नाही. नवीन वेतन संहितेत नोकरी सोडली किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे. आपल्या हजेरीची नोंद रोज मोबाईलमध्ये स्वतः ठेवा, पगाराची पावती मागा, आणि पैसे अडले तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. लोखंडे अर्ज लिहून देत होते ते याचसाठी.

हे ठेकेदाराचं झालं. आता स्वतःचं सांगतो. त्या मावशीचा प्रश्न मी विसरलेलो नाही. मी पण मालकच आहे की. माझ्याकडं कांदा काढणीला, खुरपणीला आठ-दहा बाया येतात. त्यांचे पैसे मी कांद्याची पट्टी आल्यावर द्यायचो. भाव पडला की महिना महिना थांबवायचो. माझं गणित साधं होतं, मलाच मिळाले नाहीत तर देऊ कुठून? शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण नीट बघितलं तर गिरणीमालकही हेच म्हणत होता. माल खपला नाही, धंदा मंदा आहे, थांबा. आणि थांबणारी ती मावशी वाण्याकडं उधारी करत होती, तेव्हाच्या गिरणीवाल्यासारखीच. पुरुष गड्याला जास्त रोज आणि बायांना कमी, हेही माझ्या बांधावर चालत होतं. बायका हलकं काम करतात म्हणे. दिवसभर उकिडवं बसून कांदा काटून बघा एकदा.

नव्या संहितेत रोजंदारीच्या माणसाचे पैसे त्या दिवसाचं काम संपताना द्यायचे असं आहे. मला रोज जमत नाही. पण या हंगामापासून मी आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचा हिशोब चुकता करतो. त्यासाठी सोसायटीच्या कर्जातून थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागली. एकाच कामाला बाई-पुरुष रोज सारखा केला. शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी बोल लावला की तू दर बिघडवतोस. लावू देत. बाजाराच्या दिवशी आमच्या शेतात काम बंद असतं.

मावशीला तिचा रविवार मिळाला नाही, पण बाजाराचा वार मिळाला. पुढच्या १० जूनला फोटो फॉरवर्ड कराल तेव्हा आपल्याकडं कुणाचे पैसे राहिलेत का, एवढं एकदा वही काढून बघा.